शब्दचर्चा: भूऔष्णिक, भूशाख की जमिनीतलं ऊन?

खानापूरकर

मंडळी, एक शब्द अडलाय. पुतण्या नववीत आहे, मराठी माध्यमात. विज्ञान प्रदर्शनासाठी तक्ता करूलालाय, जमिनीखालच्या उष्णतेवर वीज कशी तयार होते त्याचा. कुणीतरी त्याला कन्नडमधला मजकूर दिला, त्यात शब्द होता 'भूशाख'. यानं तो देवनागरीत तसाच उतरवला. आमच्या आईनं चष्मा लावून तक्ता वाचला आणि विचारलं, "ही कुठल्या ब्यांकेची शाखा रं?"

हसलो खरा, पण मग मराठी शब्द सांग म्हटल्यावर माझीच बोबडी वळली. मोबाइलवर तीन मिळाले: भूऔष्णिक, भूतापीय आणि भूगर्भीय. कुठला लिहू? रविवारच्या आत सांगा, पोरगं ब्रश घेऊन बसलंय.

निपाणीची मास्तरीण

भूतापीय सोडा. तो हिंदीतला आहे, हिंदीत शोभतो. मराठीत 'ताप' म्हटलं की काखेत थर्मामीटर. भूगर्भीय चूक नाही पण सैल आहे. भूगर्भात कोळसा असतो, तेल असतं, पाणी असतं, मग कुठली ऊर्जा म्हणायची? मराठी भूगोलाच्या पुस्तकांत 'भूऔष्णिक' रुळलाय. उद्योगाचं औद्योगिक तसं उष्णचं औष्णिक, आणि आधी भू. संधीचा नियम काटेकोर लावला तर 'भ्वौष्णिक' होईल, पण तसं कुणी लिहू नये. नववीच्या पोराचे दात पडतील.

आता तुमचा 'शाख'. कन्नडमध्ये शाख म्हणजे उष्णता. रायचूरच्या वीजकेंद्राला कन्नडमध्ये 'शाखोत्पन्न विद्युत स्थावर' म्हणतात. आपण मराठी डोळ्यांनी वाचलं की फांदीतून उगवलेली वीज, आणि वर स्थावर म्हणजे जमीनजुमला! तिकडे स्थावर म्हणजे प्लांट. सीमेवर राहायचं तर एकाच अक्षराकडं दोन डोळ्यांनी बघावं लागतं. तुमच्या आईंचं काही चुकलं नाही.

चिकोडीचा बॉयलरवाला

बाई, शब्द व्याकरणात बसत असेल, पण माझी एक तक्रार आहे. 'औष्णिक' म्हटलं की आमच्यासारख्याला परळी आठवते, चंद्रपूर आठवतं. म्हणजे कोळशाच्या वाघिणी, चिमणी, राख. 'थर्मल'चंही तेच. लोकांना वाटेल भूऔष्णिक म्हणजे जमिनीतनं कोळसा काढून जाळणं. इथं तर काहीच जाळायचं नसतं, हीच त्यातली गंमत.

मी साखर कारखान्यात बॉयलरवर बावीस वर्षं काढली. आम्ही उसाचं चिपाड जाळतो, पाण्याची वाफ करतो, वाफ टर्बाइनवर सोडतो, टर्बाइन अल्टरनेटर म्हणजे वीज करणारं यंत्र फिरवतो. यातलं शेवटचं दोन्ही तिकडं तसंच्या तसं आहे. फक्त भट्टी आपली नव्हे, जमिनीची. बॉयलर जमिनीत पुरलाय असं समजा.

ती वाफ मिळायचे प्रकार तीन. कुठं कुठं जमिनीतनं कोरडी वाफच येते, ती थेट टर्बाइनवर. इटलीत लार्देरेल्लो म्हणून गाव आहे, तिथं १९०४ साली असल्या वाफेवर इंजिन चालवून विजेचे पाच दिवे लावले, आणि १९१३ला केंद्रच उभं केलं. दुसरा प्रकार मला फार जवळचा. खाली पाणी १८० अंशांच्या वर तापलेलं असतं, पण दाबाखाली असल्यामुळं उकळत नाही. वर आणून दाब सोडला की त्यातलं काही झटक्यात वाफ होतं. आमच्या बॉयलरला ब्लोडाउन देताना, म्हणजे आतलं थोडं पाणी बाहेर सोडताना, हेच होतं. व्हॉल्व्ह जरा उघडला की आत शांत असलेलं पाणी पाइपच्या तोंडाशी येईपर्यंत पांढरा लोट होतं, आणि असा आवाज की शेजारचा काय बोलतोय कळत नाही. आम्ही त्याला 'फ्लॅश झालं' म्हणतो, आणि त्या प्रकारच्या वीजकेंद्राचं नावही फ्लॅशच. न्यूझीलंडमध्ये वैराकेई इथं १९५८पासून असलं केंद्र चालू आहे.

तिसऱ्यात पाणी तेवढं तापलेलं नसतं. मग त्या पाण्यावर दुसरं काहीतरी तापवायचं, कमी अंशावर उकळणारं, म्हणजे आयसोब्युटेन, पेंटेन असलं. त्याची वाफ टर्बाइन फिरवते, थंड होऊन परत येते. दोघं एकमेकांत मिसळत नाहीत, मध्ये पत्रा. अलास्कात चेना इथं नुसत्या ७४ अंशांच्या पाण्यावर वीज करतात. आपल्याकडं चहासुद्धा याहून कडक लागतो.

वापरलेलं पाणी परत दुसऱ्या भोकातनं खाली सोडायचं. हे विसरलं तर जमिनीतला बॉयलर कोरडा पडतो. कॅलिफोर्नियात द गीझर्स म्हणून असल्या वीजकेंद्रांचा मोठा भाग आहे, तिथं तसंच होत आलं होतं. मग गावांचं शुद्ध केलेलं सांडपाणी पाइपनं आणून खाली सोडायला लागले.

अथणीकर

बॉयलरवाले, मग आमच्या बोअरचं काय? सहाशे फूट मारलाय. पहाटे थ्री फेज आली की मोटर चालू करतो, पाणी हाताला कोमट लागतं. वाफा निघतात थंडीत. हे भूऔष्णिक का नाही?

चिकोडीचा बॉयलरवाला

हिशेब करा की ओ. सहाशे फूट म्हणजे १८० मीटरच्या आसपास. जमिनीत खाली जाल तसं सर्वसाधारण किलोमीटरला २५ ते ३० अंश वाढतात. तुमच्या बोअरला चार-पाच अंश मिळाले. बाकी कोमटपणा तुमच्या हाताचा आहे, बाहेर थंडी म्हणून. उथळ विहिरीचंही डिसेंबरात असंच ऊन लागतं आणि एप्रिलमध्ये गार. पाणी फारसं बदलत नाही, हवा बदलते. आणि वरच्या थरातली ती उष्णता बरीचशी सूर्याचीच, मातीनं धरून ठेवलेली. खालची वेगळी. पृथ्वी झाली तेव्हाची उरलेली, आणि युरेनियम, थोरियम, पोटॅशियम खडकात विरघळत जातात (म्हणजे किरणं सोडत बदलत जातात, विरघळणं नव्हे, शब्दचर्चेत आहोत म्हणून सुधारतो), त्यातनं रोज तयार होणारी.

खानापूरकर

तुम्ही 'ऊन लागतं' लिहिलंत तेवढ्यात आई म्हणाली, मग उन्हाळेच म्हणा की त्याला. ती लहानपणी राजापूरच्या गंगेला गेली होती, घाट उतरून. तिथंच उन्हाळे गाव, गरम पाण्याचं कुंड. आंघोळीला जाताना आजीनं सांगितलेलं म्हणे, "साबण लावू नको, देवाचं ऊन पाणी आहे." आमच्याकडं आजही आई बंब पेटवते तेव्हा "पाणी ऊन झालं" म्हणते, गरम झालं नाही. पोरं मात्र गिझर म्हणतात.

निपाणीची मास्तरीण

तुमच्या आईंना नमस्कार सांगा. संपूर्ण चर्चेत कामाचं त्याच बोलल्या.

संस्कृत उष्ण, त्याचं प्राकृत उण्ह, त्याचं मराठी ऊन्ह आणि मग ऊन. उष्णकाल झिजून उन्हाळा. म्हणजे 'औष्णिक' आणि 'ऊन' एकाच घरातले. एक सोवळ्यात राहिला, दुसरा चुलीपाशी बसला. उन-उन भात म्हणतो तो हाच. आणि कोकणाचा नकाशा काढून बघा: राजापूरजवळ उन्हाळे, दापोलीत उन्हवरे, पालीजवळ उन्हेरे. तिन्ही ठिकाणी गरम झरे. जळगावकडं उनपदेव, किनवटकडं उनकेश्वर, तिथंही तेच. भूगर्भशास्त्राचा माणूस येण्याच्या कितीतरी आधी लोकांनी गावांच्या नावातच नोंद करून ठेवली होती. वाफसुद्धा अशीच, बाष्पची झालेली.

अडचण एकच. आज नुसतं 'ऊन' म्हटलं की सूर्य. तक्त्यावर 'जमिनीतलं ऊन' लिहिलं तर परीक्षक सोलरच्या रांगेत बसवतील. म्हणून मोठ्या अक्षरात भूऔष्णिकच लिहा. पण समजावताना उन्हाळ्यांचा आधार घ्या. आणि झऱ्याला 'गरम पाण्याचे झरे' असं लांबलचक लिहू नका, 'उन्हाळे' लिहा, शब्द आहे आपल्याकडं.

टिळकवाडी

गिझर निघालाच आहे तर: आइसलंडमध्ये गेसिर नावाचा उसळता झरा आहे, तिकडच्या भाषेत उसळणे या अर्थाच्या धातूवरून. त्या एका झऱ्याचं नाव इंग्रजीनं सगळ्या उसळत्या झऱ्यांना दिलं, मग पाणी तापवायच्या यंत्राला, आणि ते टिळकवाडीच्या न्हाणीघरात भिंतीवर येऊन लटकलं. त्यांच्या राजधानीचं नाव रेक्याविक, अर्थ धुराची खाडी. तो धूर नव्हताच, वाफ होती. तिथं दहातली नऊ घरं या जमिनीच्या पाण्यानंच ऊबदार ठेवतात. म्हणजे गिझर त्यांचा, बिल आपलं.

मी चार वर्षं मंगळूरकडच्या पुत्तूरला नोकरीला होतो. तिथं बेंद्र तीर्थ म्हणून कोमट पाण्याचा झरा आहे. तुळूत बेंद्र म्हणजे गरम पाणी. कन्नडमध्ये म्हणाल तर 'बिसिनीरिन बुग्गे'. म्हणजे उन्हाळ्यांसारखंच, नावातच सगळं.

अथणीकर

हे सगळं छान. पण वीज आमच्याकडं कधी? आम्हाला थ्री फेज रात्री दोनला मिळते, साप-विंचवात जाऊन पाणी पाजतोय. पवनचक्की वारा पडला की बंद, सोलर दिवस मावळला की बंद, धरणाचं पाऊस झाला तर. जमीन तर रात्रीपण तापलेलीच असणार की.

चिकोडीचा बॉयलरवाला

हाच तिचा सगळ्यात मोठा गुण. रात्र नाही, श्रावण नाही, वर्षाचे बारा महिने सारखी चालते. जागा कमी लागते, कोळशाची गाडी यायची वाट बघायची नाही, राख टाकायची नाही. केनियात जवळजवळ निम्मी वीज यातनं होते, रिफ्ट दरीतल्या ओल्कारिया भागातनं. अगदी स्वच्छ म्हणणार नाही, जमिनीतनं कुजक्या अंड्याच्या वासाचा वायू येतो, तो धरावा लागतो. स्वित्झर्लंडमध्ये बाझेलला २००६ साली खोल खडकात पाणी दाबून सोडलं तर भूकंपाचे धक्के बसले, काम बंद करावं लागलं.

पण आपल्या भागात? अवघड. जिथं ज्वालामुखी किंवा नव्यानं तुटलेला खडक आहे तिथं उष्णता वर आलेली असते. आपलं पठार जुनं, थंड झालेलं. सोव्हिएत रशियानं कोला इथं असल्याच जुन्या खडकात १२,२६२ मीटर भोक मारलं, तळाला १८० अंश. आपल्या देशात नाव घेतात ते लडाखमधल्या पुगा दरीचं, समुद्रसपाटीपासून ४,४०० मीटरच्या वर. तिथं एक मेगावॉटच्या पथदर्शी प्रकल्पाचा करार ओएनजीसी या सरकारी तेल कंपनीनं २०२१च्या फेब्रुवारीत केला. हिमाचलातल्या मणिकरणला तर भाविक उकळत्या कुंडात तांदळाची पुरचुंडी सोडून भात शिजवतात, वीज राहू दे बाजूला.

आणि खर्च सगळा आधी. तुम्हाला बोअर फेल जाणं माहीत आहे. हातावर नारळ उभा राहिला म्हणून मारला आणि धूळ निघाली. तेच दोन-तीन किलोमीटरवर झालं तर? त्यामुळं ज्याला त्याला धीर होत नाही.

खानापूरकर

तक्ता झाला. मथळा 'भूऔष्णिक ऊर्जा'. खाली वीजकेंद्राचं चित्र: दोन भोकं, एकातनं वर, एकातनं खाली, मध्ये टर्बाइन. कोपऱ्यात आईचा बंब काढलाय पुतण्यानं, धूर निघतोय तसा, आणि त्यावर फुली मारून लिहिलंय 'इथे जाळावे लागते'. उन्हाळे, उन्हवरे, उन्हेरे यांचा छोटा नकाशाही आहे. फोटो टाकतोय.

निपाणीची मास्तरीण

बंब फार आवडला. पण 'भू' ऱ्हस्व काढलाय त्यानं. दीर्घ हवा.

खानापूरकर

ऑइल पेंट आहे हो बाई.

निपाणीची मास्तरीण

रॉकेल लावून पुसता येतो. वाळायच्या आत.