१९३५ च्या नमुन्याचा जर्मन लष्करी खंजीर: मूळचा एकसंध की सुटे भाग जुळवलेला?

नवासंग्राहक:
जर्मन लष्करी अधिकाऱ्यांचा १९३५ च्या नमुन्याचा ड्रेस खंजीर बघतोय. मूठ नारिंगी, पात्यावर डब्ल्यूकेसी या पाती बनवणाऱ्या कंपनीचा शिरस्त्राणवाल्या योद्ध्याचा शिक्का, म्यान दोन कड्यांचं, दाणेदार. मूठ किंचित हलते आणि गरुडाचा गार्ड (मूठ आणि पात्यामधली आडवी पट्टी) म्यानापेक्षा बराच राखाडी पडलाय. विक्रेता खोलून दाखवायला तयार आहे. भाग एकाच खंजिराचे आहेत का, हे कशावरून ठरवायचं? आणि घेतला तर गार्ड उजळवावा का?

पातेपारखी:
हलणारी मूठ आणि काळवंडलेला गार्ड एवढ्यावरून नकार देऊ नका. पात्याचा खांदा आणि गार्ड यांच्यामध्ये चामड्याची किंवा फेल्टची पातळ चकती असते. ती झिजली किंवा हरवली की सगळी मूठ सैल होते. शिवाय बऱ्याच मुठींना आत लाकडी गाभा असतो, तोही वाळून आकसतो.

राखाडी रंगाचं कारण धातूत आहे. पुढच्या काळात गार्ड आणि पॉमेल (मुठीच्या टोकाची टोपी) जस्ताच्या मिश्रधातूचे होऊ लागले. त्यावरचा मुलामा हळूहळू खालच्या धातूत जिरतो. म्यान पोलादी असतं, तिथे मुलामा तसा जिरत नाही. म्हणून गार्डची तुलना म्यानाशी करूच नका, पॉमेलशी आणि मुठीखालच्या ओकच्या पानांच्या कड्याशी करा. तिघांचा रंग आणि झीज एकसारखी हवी. गार्ड राखाडी आणि पॉमेल चकचकीत निघाला, तर खंजीर जुळवलेला असण्याची शंका घ्या.

खोलताना पातं म्यानात ठेवा, पॉमेलभोवती रबराचा तुकडा धरा आणि हातानेच डावीकडे फिरवा. पक्कड अजिबात नको. फिरला नाही तर सोडून द्या, जोर लावला की मूठ तडकते. मुठीला पोर्टेपे, म्हणजे चंदेरी गोंडा, जुन्या गाठीने बांधलेला असेल तर तो सोडू नका. त्याच्या कडेखालचा रंग मात्र जरूर बघा. वर्षानुवर्षं तिथेच बांधलेला असेल तर खालची मूठ आणि गार्ड वेगळ्या छटेचे दिसतात.

आत मुठीत जाणारा दांडा जुना, सारखा तपकिरी हवा. चकाकणारे ताजे कानशीचे ओरखडे दिसले तर पातं दुसऱ्या गार्डमध्ये बसवण्यासाठी घासलंय असं समजा. गार्डची खाच दांड्याला घट्ट बसली पाहिजे.

एक गोष्ट लक्षात असू द्या. १९४५ नंतर झोलिंगेन या पाती बनवणाऱ्या जर्मन शहरात उरलेल्या भागांतून खंजीर जोडून दोस्त राष्ट्रांच्या सैनिकांना विकले गेले. अशा खंजिरात प्रत्येक भाग अस्सल असतो, पण तो कुठल्याही अधिकाऱ्याच्या कमरेला कधी लागलेला नसतो. म्हणून भाग अस्सल आहेत का एवढंच बघून भागत नाही, ते एकत्र जुने झालेत का ते बघायचं.

कोरीवरेघ:
पात्याबद्दल थोडं. शिक्क्याला गरजेपेक्षा जास्त महत्त्व दिलं जातं. शिक्का नसलेली अस्सल पातीही भरपूर आहेत, आणि शिक्का हीच नक्कल करायला सर्वांत सोपी गोष्ट. दहापट भिंग घ्या. जुना शिक्का आम्लाने कोरलेला असतो, रेषेचा तळ किंचित ओबडधोबड आणि काळपट असतो. लेझरने काढलेला शिक्का सगळीकडे एकसारखा धुरकट दिसतो आणि मुलामा कापून गेलेला असतो.

पात्यावर लांबीच्या दिशेने बारीक समांतर रेघा असतील तर घाबरू नका. म्यानाच्या तोंडातल्या पट्ट्यांवर घासून त्या पडतात. उलट त्या रेघा म्यानाच्या पट्ट्यांशी जुळतात का ते बघा, पातं आणि म्यान एकमेकांचे असल्याचा तो चांगला पुरावा आहे. म्यानाच्या तोंडाचे स्क्रू एका सरळ खाचेचे हवेत, फुलीच्या खाचेचे दिसले तर ते नंतरचे.

नारिंगी रंगावरून वय ठरत नाही. मुठी पांढऱ्यापासून गडद नारिंगीपर्यंत बनत होत्या. अतिनील टॉर्चखाली मूठ किंवा गोंड्याचा धागा निळसर पांढरा लख्ख चमकला तर शंका घ्या, तशी चमक देणारी रसायनं आधुनिक मालात असतात.

म्यानमालक:
गरम सुई टोचून बघा, सेल्युलॉइड असेल तर कापराचा वास येतो. आणि घेतल्यावर सिलिका जेल घालून हवाबंद डब्यात ठेवा.

धातुरक्षक:
दोन्ही करू नका. सेल्युलॉइड म्हणजे नायट्रेट, गरम सुईने ते पेट घेऊ शकतं. मूठ अंगठ्याने घासून कोमट केली तरी वास येतो. हवाबंद डबाही घातक. जुनं सेल्युलॉइड आम्लधर्मी वायू सोडतं, ते डब्यात कोंडले की मूठही लवकर खराब होते आणि शेजारचा धातूही गंजतो. थंड, कोरडी, हवा खेळती असलेली जागा निवडा.

गार्ड उजळवू नका. मुलामा आधीच धातूत जिरलाय, पॉलिश लावलं की उरलासुरलाही जाईल आणि खालून मळकट जस्त वर येईल. ते परत भरून येत नाही. पातं मऊ सुती कापडाने पुसून मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा अगदी पातळ थर द्या. मुठीला मेण नको आणि अॅसिटोन तर जवळही आणू नका, सेल्युलॉइड त्यात विरघळतं. पातं हाताळताना हातमोजे घाला, बोटांच्या घामाचे ठसे गंजून कायमचे उमटतात.

जर्मनीतून मागवणार असाल तर हेही माहीत असू द्या: तिथे दंडसंहितेच्या कलम ८६अ नुसार स्वस्तिक उघडपणे दाखवण्यावर बंदी आहे. त्यामुळे लिलावाच्या छायाचित्रांत गार्डवरचा स्वस्तिक धरलेला गरुड बऱ्याचदा अर्धा झाकलेला असतो. तो न झाकलेला फोटो खाजगीत मागून घ्या, आणि आपल्या देशातले पात्यांच्या आयातीचे नियम आधी तपासा.

नवासंग्राहक:
खोलून पाहिला. चकती नाहीच. गार्ड, पॉमेल आणि कडं तिन्ही सारखेच राखाडी, दांडा तपकिरी. म्यानाचा एक स्क्रू मात्र नवा वाटतो.

पातेपारखी:
मग माझ्या मते घेण्यासारखा आहे. स्क्रू हरवणं नेहमीचंच, त्यासाठी किंमत थोडी कमी करून मागा. चामड्याची पातळ चकती कापून बसवा, पॉमेल हाताने बसेल तेवढाच आवळा. पुढे कधी विकलात तर चकती आणि स्क्रू नंतरचे आहेत हे लिहून द्या.