‘निचिजो’ : हसू धुमाकुळाचं की थांब्याचं?

खारीबिस्कीट : क्योटो अ‍ॅनिमेशनच्या ‘निचिजो’ या जपानी अ‍ॅनिमे (कार्टून) मालिकेत (२०११, २६ भाग) विनोद घटनेत नाहीच, प्रमाणात आहे. शाळकरी युकोच्या चॉपस्टिकमधून डब्यातलं ऑक्टोपसच्या आकाराचं सॉसेज निसटतं, बस्स. पण ते झेलायची धडपड जग बुडायला आल्यासारखी! एरवी टीव्ही अ‍ॅनिमेत सेकंदाला २४ फ्रेम असल्या तरी एकेक चित्र दोन-तीन फ्रेम धरून ठेवतात, म्हणजे नवी चित्रं १२ किंवा ८च. जास्तीची चित्रं राखून ठेवतात मारामारीसाठी. इथे ती सॉसेजवर उधळलीत. मुख्याध्यापक हरणाला जर्मन सुप्लेक्स मारतात, म्हणजे मागून कवेत घेऊन पाठीमागे आपटतात, तिथेही कुस्ती अगदी मनापासून काढलीय. ढिसाळ काढली असती तर फुसकी झाली असती.

मौनीबाबा : पटलं नाही. चित्रं ओतून हसू येत असतं तर प्रत्येक मारामारी विनोदी ठरली असती. हे मूळचं मान्झाई आहे, जपानी जोडीचा विनोद : एक बोके, म्हणजे बरळणारा, दुसरा त्सुक्कोमी, म्हणजे त्याला तिथल्या तिथे झापणारा. युको बरळते, तिची मैत्रीण मिओ झापते. तिसरी मैत्रीण माई मात्र चेहऱ्यावरची रेषही न हलवता खोड्या काढते, तेव्हा झापायची पाळी युकोवर येते आणि ती दमून जाते. ही अदलाबदल काढून टाका, उरेल नुसता गोंगाट. त्यातही झापणं कधी येतं ते बघा. घाईनं आलं तर वाया, रेंगाळलं तर शिळं. सेकंदभर सन्नाटा म्हणजे २४ फ्रेम एकच चित्र. फुकटात!

खारीबिस्कीट : फुकट कसलं? तो सन्नाटा पुढच्या स्फोटाच्या उधारीवर चालतो. मिओ युकोला वही देऊन बसते आणि मग तिला आठवतं, आत आपण नको ते चित्र काढलंय. त्यानंतरचा राडा नसता तर त्या थांब्याकडे कोणी बघितलंही नसतं.

तळटीप : दोघंही सबटायटल विसरताय. झापण्याचं वाक्य अख्खं एकदम पडद्यावर आलं की प्रेक्षक ते अर्ध्या सेकंदात वाचून मोकळा. आवाज मागून येतो आणि थांबा जागीच मरतो. वाक्य दोन तुकड्यांत तोडायचं, दुसरा तुकडा आवाज फुटेल त्याच फ्रेमला आणायचा. मराठीत क्रियापद शेवटी येतं, म्हणून वार तिथे ठेवणं सोपं जातं. पण ‘अरे देवा’सारखी भरताड आधी घातली की गेलं.

मौनीबाबा : म्हणजे माझंच म्हणणं. नानोच्या पाठीवर भलीमोठी चावी आहे आणि ती रोबो असल्याचं लपवतेय. यात स्फोट कुठाय? शिवाय दोन प्रसंगांच्या मध्ये नुसतं निसर्गदृश्य, कधी मुली दोरीवरच्या उड्या मारताहेत. ती उसंत नसती तर धुमाकूळ दहा मिनिटांत डोक्यात गेला असता.

खारीबिस्कीट : कॅफेचा प्रसंग तुमचा. युको ऐटीत ऑर्डर द्यायला जाते आणि समोर येतो एवढुसा एस्प्रेसो. तिथे थांबाच हसवतो. सॉसेज मात्र मी सोडणार नाही.