मदत हवी आहे: वेळासची कासवं आणि फणसाडची पायवाट, आईसोबत

मार्चअखेर आई आणि पुतण्याला घेऊन वेळासला जातोय. ऑलिव्ह रिडलेची पिल्लं नेमकी कधी बाहेर येतील हे वाळूच्या उबेवर ठरतं, म्हणून गावातच मुक्काम करू. सकाळ हुकली तर संध्याकाळ आहेच. पुढे वेसवी-बागमांडला आणि दिघी-आगरदांडा अशा दोन फेरीबोटींनी मुरूड, मग फणसाड अभयारण्य.

खरी अडचण फणसाडची. आईचे गुडघे कुरकुरतात, तेव्हा सुपेगावच्या बाजूने कमी चढाची, सावलीची वाट कोणती? उन्हाळ्यात पाणवठ्यावर बसायला वनखात्याची परवानगी आधी काढावी लागते का? वाटाड्या तिथेच मिळतो का? पुतण्याला बिबट्याच हवाय. मला शेकरू दिसलं तरी पुरे. अलीकडे जाऊन आलेल्यांनी कृपया सांगा.