मदत हवी आहे: मुलाने ट्रकच्या गेममध्ये लालपरीचा मॉड टाकला, आता कॉम्प्युटरचं काय करू?

अनगोळची आई

नमस्कार मंडळी. जरा लांबलचक लिहितेय, अर्धवट सांगून उपयोग नाही म्हणून.

घरात कॉम्प्युटर एकच. मी घरूनच जीएसटी आणि हिशेबाची कामं करते. चौदा क्लायंट आहेत, बहुतेक शहापूर-वडगावचे दुकानदार आणि उद्यमबागेतली दोन लहान वर्कशॉप. संध्याकाळी सातनंतर त्याच कॉम्प्युटरवर चिरंजीव (नववी) युरो ट्रक सिम्युलेटर २ खेळतात. गेम स्टीमवरून (गेमचं ऑनलाइन दुकान) रीतसर विकत घेतलाय, क्रॅक वगैरे नाही, हे आधीच सांगते.

त्याचं आजोळ गडहिंग्लज, त्यामुळे एसटीचं वेड लहानपणापासून. आपल्या बेळगावच्या स्टँडवर लालपरी दिसते ती पलीकडून, महाराष्ट्रातून आलेली, आणि सीमेवर वातावरण तापलं की सगळ्यात आधी बंद होते ती तीच. मग काय, गेममध्ये तरी लालपरी चालवायची म्हणून मागच्या रविवारी त्याने मॉड (गेममध्ये नवी गाडी वगैरे घालणारी बाहेरची फाइल) शोधला. एका व्हिडिओखाली लिंक होती. ती दुसऱ्याच साइटवर गेली, तिथे 'अलाउ दाबा', मग 'पंधरा सेकंद थांबा', मग तिसरं पान. शेवटी ९ एमबीची झिप मिळाली. पासवर्ड व्हिडिओत दिला होता. आणि तो गृहस्थ व्हिडिओत म्हणतो की अँटिव्हायरस मॉडला चुकून व्हायरस समजतो, म्हणून आधी ते बंद करा. याने केलं!

झिपमधली फाइल डबल क्लिक केल्यावर एक काळी चौकट क्षणभर आली आणि गेली. लालपरी काही आली नाही. सोमवारपासून उजवीकडे खालच्या कोपऱ्यात 'तुमच्या कॉम्प्युटरमध्ये ५ व्हायरस सापडले' अशा चौकटी येतायत. विंडोजच्या डिफेंडरने पूर्ण स्कॅन केला तर म्हणतो काही नाही. कॉम्प्युटरच्या दुकानात फोनवर विचारलं, तर न बघताच 'फॉरमॅट माडबेकु अक्का' (फॉरमॅट करायला हवं, ताई).

वीस तारखेला ३बी (जीएसटीचे रिटर्न) भरायचे आहेत. फॉरमॅट खरंच करायला हवा का? आणि मुलाला मॉड टाकूच द्यायचे नाहीत, की काही सुरक्षित रीत असते? दोन दिवस तो धड जेवलेला नाही, अपराध्यासारखा बसलाय.

निपाणी ते नॉर्वे

ताई, मी हा गेम सहा-सात वर्षं खेळतोय. दोन गोष्टी बघून सांगा की. एक, झिप उघडल्यावर आतली फाइल केवढी निघाली? दोन, तिच्या नावाच्या शेवटी काय आहे? नाव नुसतं 'लालपरी' दिसत असेल तर फाइल एक्सप्लोररच्या व्ह्यूमध्ये 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स' वर टिक करा, मग खरं शेपूट दिसेल. विंडोज ते मुळातच लपवून ठेवतंय. परत डबल क्लिक मात्र करू नका.

सहज सुचलं

उगाच घाबरताय. स्कॅन क्लीन आला म्हणजे विषय संपला. त्या कोपऱ्यातल्या चौकटी क्रोमच्या नोटिफिकेशन आहेत, पोराने 'अलाउ' दाबलं ना, त्याच्या. क्रोमच्या सेटिंगमध्ये साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स, तिथून ती साइट काढून टाका. माझ्या वडिलांच्या लॅपटॉपवर अगदी हेच झालं होतं.

अनगोळची आई

@सहज सुचलं, धन्यवाद, चौकटी खरंच बंद झाल्या. तीन साइट होत्या यादीत.

@निपाणी ते नॉर्वे, फाइलचं पूर्ण नाव 'लालपरी डॉट एससीएस डॉट ईएक्सई' असं आहे. आणि आकार ७२० एमबी. झिप ९ एमबीची होती हे नक्की, मी परत बघितलं. एवढ्याशा पिशवीतून एवढं पोतं कसं निघालं?

निपाणी ते नॉर्वे

वाटलंच. ताई, या गेमचा साधा मॉड म्हणजे डॉट एससीएस किंवा डॉट झिप फाइल. आत बसचं मॉडेल, रंगाची चित्रं, आवाज असला ऐवज. ती फोल्डरमध्ये नुसती ठेवायची असते, चालवायची नसते. ईएक्सई म्हणजे प्रोग्रॅम. बसच्या मॉडला इन्स्टॉलर लागतच नाही.

मूळ खानापूर, मुक्काम पुणे

सिक्युरिटीच्या कामात आहे, म्हणून थोडं सविस्तर.

७२० एमबीचं कोडं सोपं आहे. खरा प्रोग्रॅम त्यात आठ-दहा एमबीचा असेल, बाकी सगळी शून्यं भरलेली. शून्यं झिपमध्ये दाबून जवळपास नाहीशी होतात, म्हणून ९ एमबी. फुगवतात कशाला? व्हायरसटोटल नावाची साइट आहे, फाइल दिली की सत्तरच्या आसपास अँटिव्हायरसकडून तपासून देते. तिची मर्यादा ६५० एमबी. फाइल त्याहून मोठी केली की तिथे चढवताच येत नाही. काही स्कॅनरही फार मोठ्या फाइलच्या वाटेला जात नाहीत. खरी बस ९ एमबीत मावली तरी तिला ७२० एमबी व्हायचं काही कारण नाही.

पासवर्ड म्हणजे व्हायरसच, असं मी म्हणणार नाही. आपल्याकडचे काही मॉडवाले दुसऱ्याने चोरून आपल्या नावावर खपवू नये म्हणून पासवर्ड ठेवतात. पण पासवर्ड असलेली झिप स्कॅनरला उघडून बघता येत नाही, हे या लोकांनाही पक्कं ठाऊक असतं.

आता स्कॅन क्लीन का आला ते बघू. विंडोज सिक्युरिटी उघडा, व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन, मॅनेज सेटिंग्ज, अगदी खाली एक्सक्लूजन्स (स्कॅनमधून वगळलेल्या जागा). तिथे काय लिहिलंय?

अनगोळची आई

'सी' ड्राइव्ह. अख्खा!

मुलगा म्हणतो, व्हिडिओत तसंच करायला सांगितलं होतं. म्हणजे डिफेंडर सगळं घर सोडून अंगणच झाडत बसला होता.

मूळ खानापूर, मुक्काम पुणे

मग त्या क्लीनला काही अर्थ नाही. सहज सुचलं यांचं नोटिफिकेशनचं म्हणणं बरोबर होतं, पण ती वरची खरूज. ईएक्सई ही वेगळी गोष्ट.

अशा फाइली सहसा इन्फोस्टीलर असतात. काळी चौकट आली-गेली तेवढ्यात क्रोममध्ये साठवलेले पासवर्ड आणि लॉगिनच्या कुकी उचलून पाठवून मोकळ्या होतात. नंतर कॉम्प्युटर मंद होत नाही, काही दिसत नाही. कुकी चोरली की ओटीपीही आड येत नाही, कारण त्या साइटला वाटतं तुम्ही आधीच आत आहात. म्हणून फॉरमॅट हा दुसरा मुद्दा. पहिला मुद्दा पासवर्डचा, आणि तो आज रात्रीचा.

क्रोममध्ये काय काय सेव्ह आहे?

अनगोळची आई

चौदाही क्लायंटचे जीएसटीचे लॉगिन. माझं ईमेल. नेट बँकिंगचं युजरनेम आहे, पासवर्ड नाही. मुलाचं स्टीम.

मूळ खानापूर, मुक्काम पुणे

कॉम्प्युटरचं इंटरनेट काढा. डिजिटल सिग्नेचरचा टोकन यूएसबीला लावून ठेवत असाल तर तो आधी उपसा. बाकी सगळं फोनवरून.

सुरुवात ईमेलपासून, कारण बाकीच्यांचे पासवर्ड तिथूनच बदलता येतात. पासवर्ड बदला आणि 'तुमची उपकरणं' मध्ये जाऊन अनोळखी जे दिसेल ते साइन आउट करा. मग बँक. मग स्टीम, तिथे सगळ्या उपकरणांवरून साइन आउट करायचा पर्याय आहे, तो दाबा. मग क्लायंटचे लॉगिन एकेक करून. त्यांना फोन करून सांगावं लागेल, ते जड जाईल, पण सांगा. ओटीपी लागला तर तोही त्यांच्याकडेच जातो. पैसे गेल्याचं लक्षात आलं तर १९३०ला (सायबर फसवणुकीची हेल्पलाइन) लगेच फोन, उद्यावर नको.

फॉरमॅटबद्दल: दुकानदार न बघता बोलला तरी बरोबर बोलला. संरक्षण बंद असताना अनोळखी प्रोग्रॅम चालला, मागे काय ठेवून गेलाय हे छातीठोक कुणी सांगणार नाही. टॅलीचा बॅकअप आणि एक्सेल-पीडीएफ पेन ड्राइव्हवर घ्या, प्रोग्रॅमच्या फाइली मात्र घेऊ नका. टॅलीचं लायसन्स आधी सरेंडर करा, नाहीतर नंतर तासभर त्यातच जातो. त्यासाठी नेट लागेल, तेवढ्यापुरतं लावा. मग विंडोजचं 'रीसेट धिस पीसी', त्यात 'रिमूव्ह एव्हरीथिंग' आणि 'क्लाउड डाउनलोड'. घरीच होतं. ३बी एखाद्या क्लायंटच्या कॉम्प्युटरवर बसून भरता येतात का बघा.

आंबोलीवाला

मध्येच घुसतो. माझी मुलगी माइनक्राफ्टमध्ये मॉड टाकते, ते जार फाइलचे. ते पण नुसते ठेवायचेच असतात ना?

मूळ खानापूर, मुक्काम पुणे

ठेवायचे असतात, पण जार म्हणजे प्रोग्रॅमच. गेम सुरू झाला की तोही चालतो. जून २०२३मध्ये कर्सफोर्जसारख्या नावाजलेल्या साइटवरच्या काही माइनक्राफ्ट मॉडमध्ये फ्रॅक्चरायझर नावाचा मालवेअर सापडला, तो कॉम्प्युटरवरच्या इतर जार फाइलींमध्येही शिरत होता. स्टीमवरूनही झालंय: २०२३च्या नाताळात 'स्ले द स्पायर' या गेमचा डाउनफॉल हा मॉड फोडून त्यातून चोरटा प्रोग्रॅम पाठवला गेला. तेव्हा चांगली साइट म्हणजे धोका कमी, शून्य नव्हे. मॉड आलाय त्याच दिवशी उडी घेऊ नका, आठवडाभर दुसऱ्यांना टाकू दे.

निपाणी ते नॉर्वे

ताई, फॉरमॅट झालं की पोराला लालपरी द्या, मी सांगतो कशी ती.

आधी स्टीम वर्कशॉपमध्ये (स्टीमवरच मॉड मिळायची जागा) शोधायची. तिथं 'सबस्क्राइब' दाबलं की झालं, फाइल हातात येतच नाही. तिथं नसली तर ज्यानं मॉड बनवला त्याच्याच पानावरून घ्यायची, दुसऱ्यानं परत चढवलेली नाही. फाइल आली की शेपूट बघायचं. एससीएस किंवा झिप असेल आणि ६५० एमबीच्या आत असेल तर व्हायरसटोटलवर चढवायची. मग डॉक्युमेंट्समध्ये युरो ट्रक सिम्युलेटर २ हे फोल्डर, त्यात 'मॉड' नावाचं फोल्डर, त्यात ठेवायची. गेममध्ये प्रोफाइल निवडतानाच मॉड मॅनेजर येतंय, तिथं चालू करायची. एखाद्या मॉडला डीएलएल फाइल गेमच्या 'प्लगइन्स' फोल्डरात टाकायला सांगतील. बसला ते लागत नाही, आणि डीएलएल हा पण प्रोग्रॅमच, सोडून द्या.

जुन्या प्रोफाइलवर लगेच चालू करू नका. 'प्रोफाइल्स' फोल्डरची कॉपी ठेवा आणि नवी प्रोफाइल काढून तिच्यावर बघा. गेमचं व्हर्जन आणि मॉडचं व्हर्जन जुळत नसेल तर बस दिसायची नाही नाहीतर गेमच बंद पडेल. तेव्हा डॉक्युमेंट्समधल्या त्याच युरो ट्रक सिम्युलेटर २ फोल्डरात गेम डॉट लॉग नावाची फाइल असते, तिच्यात लाल अक्षरं नसतात पण 'एरर' शब्द शोधला की कुठला मॉड आडवा आलाय ते कळतंय.

मूळ खानापूर, मुक्काम पुणे

@अनगोळची आई, एक राहिलं. क्लायंटच्या फाइली व्हायरसटोटलवर कधी तपासायला देऊ नका. तिथे चढवलेली फाइल बाहेरच्या संस्थांनाही मिळू शकते. ते गेमच्या फाइलींपुरतंच.

आणि विंडोज नव्याने टाकलं की मुलाला वेगळं खातं काढून द्या, 'स्टँडर्ड' प्रकारचं, ॲडमिनिस्ट्रेटर नव्हे. डिफेंडर बंद करायला मग तुमचा पासवर्ड लागेल. चोरटा प्रोग्रॅम स्टँडर्ड खात्यातही चालतो, पण तुमच्या खात्यातलं क्रोम आणि डॉक्युमेंट्स त्याच्या हाताला लागत नाहीत. फक्त एक मेख आहे. टॅलीचा डेटा पुष्कळदा 'पब्लिक' फोल्डरमध्ये असतो, नाहीतर आपण 'डी' ड्राइव्हवर ठेवतो. या दोन्ही जागा सगळ्या खात्यांना उघड्या असतात. तो डेटा तुमच्या डॉक्युमेंट्समध्ये हलवा आणि टॅलीला नवी जागा दाखवा.

अनगोळची आई

आठवडा गेला, म्हणून कळवतेय.

चौदा फोन केले. तेरा जणांनी समजून घेतलं. एकाने दुसरा हिशेबनीस बघतो म्हणून सांगितलं, बघू दे. ईमेलच्या उपकरणांत एक अनोळखी कॉम्प्युटर होता, मंगळवारच्या तारखेचा. त्याला हाकलला. मुलाच्या स्टीमचा पासवर्ड कुणीतरी बदलून ठेवला होता, तो खरेदीच्या पावत्या दाखवून परत मिळाला. पैसे कुठले गेले नाहीत. ३बी वर्कशॉपवाल्यांच्या केबिनमध्ये बसून भरले, मागे लेथ चालू.

रीसेट घरीच केलं. मध्ये एकदा करंट गेला तेव्हा माझा जीव गेला होता, पण इन्व्हर्टरने तारलं. टॅली हलवलं. मुलाचं खातं वेगळं.

काल स्टीम वर्कशॉपमध्ये नाही मिळाली, पण बनवणाऱ्याच्या पानावर लालपरी मिळाली. ३१० एमबीची एससीएस. मुलाने स्वतःच व्हायरसटोटलवर चढवून मला बोलावून दाखवलं, सगळं हिरवं. नव्या प्रोफाइलमध्ये बस घ्यायला पैसे नव्हते, तर गेममधल्या बँकेचं कर्ज काढलं. मी हप्ता किती विचारला, त्याला सांगता आला नाही. आत्ता बस गेममधल्या जर्मनीत, कासेलच्या बाहेर पावसात चालली आहे, वायपर लावून.

एकच बारकी शंका. बसवर पाटी 'कोल्हापूर-पुणे' अशी आहे. ती 'गडहिंग्लज-बेळगाव' करता येते का?

निपाणी ते नॉर्वे

पाटी म्हणजे मॉडच्या आतलं एक चित्र. मॉडवाल्यानं फाइल कुलूपबंद केली असेल तर आपल्याला नाही बदलता येत. त्यालाच त्याच्या पानावर लिहा, पाट्या करून देतात काही जण. संकेश्वरमार्गे की नूलवरून, तेही लिहा, नाहीतर परत बदलायला सांगावं लागतंय.