वर्षानुवर्षं रक्त काढायचं, आणि मग?

निपाणीकर: काल इथे एकाने लिहिलं, ‘लाखो लोकांचं वर्षानुवर्षं रक्त काढत बसण्यापेक्षा त्याच पैशात गोळ्या वाटा. बीपी, शुगर होते हे सांगायला अभ्यास कशाला?’ वर ढीगभर लाइक. अहो, बीपी-कोलेस्टेरॉलने हृदय जातं हे आज रिक्षावालाही सांगतो, ते आधी कुठून कळलं? अमेरिकेत फ्रॅमिंगहॅम गावात १९४८ पासून ५,२०९ माणसं निवडून दर दोन वर्षांनी तपासत राहिले, तेव्हा. तोवर वयाबरोबर बीपी वाढायचंच, असं डॉक्टरच म्हणायचे. आजार झाल्यावर विचारलं तर माणूस आठवेल ते सांगतो. नोंद आधीची लागते.

शहापूरकर: काल लिहिणारा मीच. फ्रॅमिंगहॅम गोऱ्यांचं. माझा भाऊ काडीसारखा, ना दारू ना तंबाखू, चाळिशीच्या आत शुगर. कुठल्या गोऱ्याच्या वहीत आहे हे?

खानापूरची_लेक: गोऱ्याच्या नाही, पुण्याच्या वहीत आहे. तिथल्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. याज्ञिकांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या बायका आणि त्यांची मुलं अभ्यासात धरून ठेवलीत. बाळं वजनाला हलकी, पण त्या मानाने अंगात चरबी जास्त. आईला बी-१२ जीवनसत्त्व कमी आणि फोलेट (तेही ब जीवनसत्त्वच) जास्त, तर सहा वर्षांच्या मुलात इन्सुलिन नीट चालत नाही, म्हणजे पुढे शुगरचा धोका. एकदा रक्त घेऊन हे दिसलं असतं का?

शहापूरकर: बरं, पुण्याचं मान्य. इथलं, बेळगावचं सांगा. आमच्या गल्लीत सर्वेवाली आली, फॉर्म सगळा कन्नडमध्ये. आईने अंगठा दिला. कशावर दिला ते तिलाच ठाऊक नाही. ही संमती?

टिळकवाडी_४: आला सीमावाद! साखर मोजायला आले तरी तुमचं तेच. कन्नड शिका की आता.

शहापूरकर: सत्तरीतल्या बाईने शिकायचं? तुम्ही शिकवायला येता का?

निपाणीकर: भांडा, पण खरी भानगड वेगळीच आहे. आमच्याकडे छातीत दुखलं की माणूस कोल्हापूर नाहीतर मिरज गाठतो. महाराष्ट्राने २०२३ मध्ये ८६५ सीमागावांना फुले जनआरोग्य योजना लावली, कर्नाटकाने हरकत घेतली. राजकारण गेलं खड्ड्यात. इकडच्या यादीतला माणूस तिकडे मेला तर इकडच्या वहीत तो ‘सापडला नाही’. असा पाठपुरावा काय कामाचा?

टिळकवाडी_४: हे मात्र खरंय. कबूल करायला जड जातंय.

खानापूरची_लेक: प्रश्नही धड नसतात. सासूबाई रोज सकाळी तव्यावर मिश्री, म्हणजे दातांना लावायची तंबाखू, भाजतात, खोकून घर बेजार. सर्वेवालीने विचारलं, बिडी ओढता? नाही. तंबाखू खाता? नाही. डबी पदराखाली! मिश्रीचं कोणी विचारलंच नाही. तिकडे विलायतेत १९५१ मध्ये हजारो डॉक्टरांना त्यांच्या सिगारेटबद्दल विचारून पुढे पन्नास वर्षं मागोवा घेतला. इथे तंबाखूच्या मुलखात हे!

निपाणीकर: ताई, तंबाखूवर घसरू नका. आमचं घर त्यावरच उभं राहिलंय.

खानापूरची_लेक: म्हणूनच तुमच्या गावातून सुरू करा म्हणते. वखारीतल्या बायकांपासून.

शहापूरकर: करा, करा. फॉर्म मराठीत आणा, मिश्रीचा रकाना घाला, मिरजेच्या दवाखान्यांची नोंद जोडा. मग माझं रक्त घ्या. गोळ्या मात्र त्याच दिवशी हव्यात.

टिळकवाडी_४: बघा, अभ्यासाला माणूस मिळाला एकदाचा! कन्नड फॉर्मवरच सही घ्या त्याची.