मदत हवी आहे : कूलर लावूनही खोली कोंदते, मुलीचा घोळणा फुटतो

सागरतीर :
मी मूळचा रत्नागिरी तालुक्यातील असून गेल्या ऑगस्टमध्ये नोकरीनिमित्त चंद्रपूर जिल्ह्याच्या सिंदेवाही तालुक्यातील एका गावी राहावयास आलो. उकाड्याची सवय आहे असा माझा समज होता, पण एप्रिलच्या मध्यापासून तो पार खोटा ठरला आहे. नवा कूलर घेतला आणि त्याची टाकी रोज भरतो, तरीही अर्ध्या तासात खोली कोंदते आणि चादर दमट होते. त्यातच काल मुलीचा घोळणा फुटला. कूलर परत करावा की एसी घ्यावा, एवढेच कृपया लवकर सांगावे.

वाळ्याची_ताटी :
कूलर खिडकीबाहेर बसवला आहे की खोलीत ठेवला आहे? खिडक्या उघड्या असतात की बंद? छत स्लॅबचे आहे की पत्र्याचे? मुलीचे वय काय? एवढे कळल्याशिवाय कोणीही उत्तर देऊ शकणार नाही.

नागपुरी_संत्रे :
सरळ एसी घ्या. पाणी भरा, ताट्या बदला, पंप दुरुस्त करा, हे व्याप मी दहा वर्षे केले आणि शेवटी कूलर भंगारात दिला.

धानपट्टा :
नागपुरात बसून हे सांगणे सोपे आहे. आमच्या गावात ऐन दुपारी विजेचा दाब इतका उतरतो की पंखासुद्धा रडत फिरतो. तेथे एसी काय करणार?

जुने_मास्तर :
खिशात कांदा ठेवावा, दुपट्ट्याने कान बांधावेत आणि कैरीचे पन्हे प्यावे. घोळणा फुटल्यास मुलीला उताणे निजवून टाळूवर पाणी थापावे. नवतपा, म्हणजे मेअखेरीचे नऊ कडक उन्हाचे दिवस, अजून यायचा आहे आणि तो चांगला तापला की पाऊसही चांगला होतो, असा आमच्याकडचा अनुभव आहे.

सागरतीर :
पाऊस कसा होईल हे मी विचारलेले नाही. कूलर खोलीच्या कोपऱ्यात आहे. बाहेरून भट्टीसारखी झळ येते, म्हणून दारे-खिडक्या घट्ट लावूनच तो चालवतो. छत पत्र्याचे आहे आणि मुलगी सात वर्षांची आहे.

वाळ्याची_ताटी :
मग दोष कूलरचा नाही. बाहेरची कोरडी हवा ओल्या ताटीतून आत ओढली जाते, ताटीतील पाण्याची वाफ होताना त्या हवेतील उष्णता खर्च होते आणि हवा गार होते. दारे-खिडक्या लावल्या की तीच दमटलेली हवा कूलर पुन्हा पुन्हा ओढतो. ती आधीच ओली असल्याने पाणी उडत नाही, आणि गारवाही मिळत नाही. कूलर खिडकीत असा बसवा की त्याच्या पाठीला बाहेरची हवा मिळेल, आणि समोरचे दार किंवा खिडकी वीतभर उघडी ठेवा. झळ आत येईल ही भीती सोडा, कारण आतली हवा बाहेर ढकलली जात असते. तुमच्या रत्नागिरीत हवाच दमट असल्याने हे यंत्र फारसे उपयोगी पडत नाही, म्हणून त्याची रीत तुम्हाला ठाऊक नसणे स्वाभाविक आहे. येथेही मृग बरसला की ते निरुपयोगी होते.

परिचारिका_ताई :
मास्तर, क्षमस्व, पण घोळणा फुटल्यावर उताणे निजवू नये; रक्त घशात उतरते. मुलीला बसवून किंचित पुढे वाकवावे, नाकाचा मऊ भाग दहा मिनिटे न सोडता चिमटीत धरावा आणि तोंडाने श्वास घेण्यास सांगावे. तरीही रक्त थांबले नाही तर दवाखाना गाठावा. मुख्य प्रश्न मात्र कोणीच विचारलेला नाही : ती दिवसभरात लघवीला किती वेळा जाते?

सागरतीर :
पत्नीला विचारले. सकाळी एकदा जाते, नंतर थेट संध्याकाळी. मात्र तिला घाम येत नाही, त्यामुळे पाणी कमी पडत असेल असे आम्हाला वाटले नाही.

परिचारिका_ताई :
घाम येतो, पण दिसण्यापूर्वीच उडतो. तिच्या फ्रॉकच्या गळ्यापाशी मिठाची पांढरी रेघ उमटली आहे का पाहा. कोकणात घाम निथळतो म्हणून माणूस आपोआप पाणी मागतो. येथे ती सूचनाच मिळत नाही. तहान लागण्याची वाट न पाहता तिला तासा-तासाला पाणी, ताक किंवा पन्हे द्या. जुलाब-उलट्या झाल्या तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून द्या. अंग फणफणले आणि ती असंबद्ध बोलू लागली किंवा गुंगीत गेली, तर तापाची गोळी देत बसू नका. सावलीत नेऊन अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि १०८ ला फोन करा.

नागपुरी_संत्रे :
हवामान खाते मैदानी भागात ४० आणि किनारपट्टीवर ३७ अंशांपासून पुढे उष्णतेच्या लाटेचा विचार करते. ब्रह्मपुरीकडे पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा शेवटी एसीच लागेल.

धानपट्टा :
एसी हवा आणखी कोरडी करतो. ज्या मुलीचा घोळणा फुटतो तिला त्यातच निजवायचे काय? त्यापेक्षा पत्र्यावर चुना मारा. आम्ही तणसही (भाताचा पेंढा) पसरतो, परंतु चुलीचे धुराडे जवळ असेल तर ते टाळावे.

सागरतीर :
कूलर खिडकीत बसवला आणि मागचे दार अर्धे उघडले. शेजारच्या आजी कालच विचारत होत्या, "खिडकी कायले लावता जी भरदुपारी?" आणि मी ते हसण्यावारी नेले होते. फ्रॉकवर रेघ खरोखरच होती. आज दुपारी मुलगी दोन तास निजली. ताट्या मात्र आताच पांढऱ्या पडू लागल्या आहेत. त्या बदलाव्या लागतील का?

वाळ्याची_ताटी :
बोअरच्या पाण्यातील क्षार आहेत. आठवड्याला टाकी पूर्ण उपसून नवे पाणी भरा. ताट्या हंगामभर टिकतील. पाणी भरताना प्लग आधी उपसा, केवळ बटण बंद करून हात घालू नका, आणि अर्थिंग तपासून घ्या. पत्र्याच्या कूलरचा शॉक लागून दर उन्हाळ्यात माणसे दगावतात.