प्रतिसाद: रेफरन्सेस हाताने टाईप करावेत का?

वर विचारलंय की शोधनिबंधात चाळीसेक रेफरन्सेस (संदर्भ) आहेत तर हातानेच टाईप केले तर काय बिघडतं. अहो नका करू असं! व्हँकूवर स्टाइलमधे (रेफरन्सेस नंबराने देण्याची एक पद्धत) नंबर मजकुरातल्या क्रमाने पडतात, म्हणजे रिव्ह्यूअरने (निबंध तपासणाऱ्याने) मधेच एक पेपर घालायला सांगितला की पुढचे सगळे नंबर सरकणार आणि तिथेच घोळ होतो. झोटेरो हे नंबर आपोआप लावणारं रेफरन्सेसचं सॉफ्टवेअर फुकट आहे, डीओआय (पेपरचा ऑनलाइन ओळख क्रमांक) टाकला की माहिती आपोआप येते, जर्नल बदललं तर फक्त स्टाइल बदलायची. पण आलेली माहिती एकदा डोळ्यांखालून घालाच, विशेषतः आपल्याकडची नावं, कारण आडनावाच्या जागी वडिलांचं नाव गेलं तर त्या माणसाचं काम शोधणाऱ्याला सापडतच नाही, आणि हे माझ्या मनाला फार लागतं.